अकरानंतर कोण?

नोकरीत असताना एका मुलाने विचारले होते, "सर, ११ मूळ संख्या आहे, मग १११, ११११ पण असतील का?" मी म्हणालो, "हे परीक्षेला येत नाही. खाली बस." निवृत्तीनंतर ते मनाला टोचू लागले, म्हणून एकदा वही घेऊन बसलो.

१११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. ११११११ ला तर ३ नेही भाग जातो. नुसत्या एकांच्या या रांगेत ११ नंतरची मूळ संख्या थेट १९ एकांची, मग २३, मग एकदम ३१७! १०३१ एकांची संख्या मूळ असल्याचे १९८६ साली सिद्ध झाले. अशा संख्या अनंत आहेत का, हे आजही कुणाला ठाऊक नाही.

याचा उपयोग काय, असे लोक विचारतात. देवळालीचे कापरेकरही शाळामास्तरच. १११ चा वर्ग १२३२१, अशा 'डेम्लो' संख्यांत ते रमले. उपयोग विचारत बसले असते तर?

माझे मत एवढेच, की शिक्षकाला "मलाही ठाऊक नाही, चल भागून पाहू" असे म्हणता आले पाहिजे. मला त्या दिवशी ते जमले नाही.