आमचे देव मोजता, मग आमची जमीन का नाही मोजत?



पाऊस उघडला की पाड्यापाड्यावर विद्यापीठाची पोरं येतात. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र शिकतात म्हणे. लग्न कसं लावता? देव किती? भगताकडे जाता का? दारू कशाची गाळता? आपण सांगतो, भाकर देतो, ओटीवर झोपायला जागा देतो. पोरं वाईट नसतात. पण त्यांच्या छापील कागदावर एक प्रश्न नसतो: तुमची जमीन कोणी घेतली?

ही खोड जुनी आहे. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्राचे मोठे प्राध्यापक डॉ. घुर्ये यांनी १९४३ साली आदिवासींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. नावातच आम्ही 'तथाकथित' मूळ रहिवासी, आणि आत निवाडा, की हे मागासलेले हिंदू! ज्यांच्याबद्दल निवाडा, त्यांना विचारलं कोणी? दोनच वर्षांनी ठाणे जिल्ह्यात वारली उठले, वेठ आणि लग्नगडीची गुलामी मोडली. आपण कोण, हे त्यांनी पुस्तकाला विचारलं नाही.

लिहायचं म्हटलं तर लिहिता येतं. व्हेरियर एल्विननं बैगांवर १९३९ साली लिहिलं, त्यात त्यांची बेवर शेती सरकारनं कशी बंद पाडली तेही मांडलं.

आता कायदा बघा. १९२७ चा जंगल कायदा म्हणतो, राखीव जंगलाचा जाहीरनामा निघाला की मुदतीत हक्क सांगा. मुदत कमीत कमी तीन महिने. नाही सांगितला तर हक्क बुडाला. जाहीरनामा वाचता कोणाला येत होता? कसणारा 'अतिक्रमणदार' झाला तो असा. आणि शास्त्रवाले आमच्या गरिबीचं कारण आमच्या चालीरीतीत शोधतात! सरकारला हे गोडच लागणार. जमीन परत द्यायला नको, 'सुधारणा' केली की झालं.

कोणी म्हणेल, हाकला त्यांना. तसं नको. कोणाचा आजा कुठं नांगरत होता, हे म्हातारी माणसं आहेत तोवर कागदावर यायलाच हवं. आपल्या पोरापोरींनीही हे शास्त्र शिकावं. पण गावसभेनं ठरवावं:

१. कशासाठी, कोणासाठी विचारता, ते आधी गावसभेत सांगा.
२. पहिला प्रश्न जमिनीचा. कधीपासून कसता, दंडाच्या पावत्या किती, सातबारा कोणाच्या नावे.
३. लिहिलेलं गावात मराठीतून वाचून दाखवा. चुकलं तर गाव दुरुस्त करील. एक प्रत गावात राहील.

कबूल नसेल तर कागद कोराच परत जाईल.

आणि विद्यापीठाला नवा विषय हवाच असेल तर आम्ही देतो: साहेब लोकांची जमात. त्यांचेही रीतीरिवाज आहेत. कोंबडी कोणाला चढते, लाकूड कोणाच्या बंगल्यावर फुकट पोचतं, पावतीशिवाय घेतलेला पैसा वर कुठपर्यंत जातो. लिहा की यावर! माहिती द्यायला अख्खा पाडा बसेल.

कसेल त्याची जमीन! आदिवासी एकजूट जिंदाबाद!