गुणांची खिरापत नको, वेळेचा हक्क हवा

महाविद्यालयीन खेळाडूंना दर वर्षी एक उपदेश हमखास ऐकावा लागतो : अभ्यास आणि खेळ यांचा समतोल साधा. बक्षीस-समारंभाचे अध्यक्ष तो करतात, प्राचार्य करतात आणि घरची वडीलधारी माणसेही करतात. पहाटे उठावे, वेळापत्रक आखावे, मनोनिग्रह बाळगावा, म्हणजे दोन्ही साधते, असा त्याचा आशय. उपदेश वाईट नाही. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : विद्यार्थ्याचा सारा वेळ त्याच्या स्वतःच्या मालकीचा आहे. ज्यांच्या बाबतीत हे गृहीत खरे नाही, त्यांचे काय?

शीव कोळीवाड्याचे उदाहरण घ्यावे. कोळ्यांची जुनी वस्ती, फाळणीनंतर आलेल्या पंजाबी व सिंधी निर्वासितांची वसाहत, भोवती झोपडपट्ट्या आणि म्हाडाच्या इमारती, असा हा श्रमिकांचा व छोट्या व्यावसायिकांचा परिसर. येथील रेल्वे स्थानकाचे कोळीवाडा हे नाव बदलून पुढे गुरू तेग बहादूर नगर झाले. खालसा (१९३७), रुईया (१९३७), पोदार (१९४१) आणि एसआयईएस (१९६०) ही नामांकित महाविद्यालये येथून पायी किंवा एका बसने गाठता येतात. तेव्हा या वस्तीतील मुलाची अडचण अंतराची नाही, वेळेची आहे.

येथील एखाद्या कबड्डीपटू विद्यार्थ्याचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. आई पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळी आणावयास जाते, म्हणून पाणी भरून धाकट्या भावंडांना शाळेत धाडण्याचे काम त्याच्याकडे. मग महाविद्यालयाच्या तासिका. दुपारी एखाद्या दुकानात काम किंवा घरोघर माल पोचवणे, कारण शुल्काचा व बुटांचा खर्च त्यातूनच निघतो. संध्याकाळी सराव. अभ्यासाला उरते ती रात्र, आणि तीही सहा माणसांच्या एका खोलीत. त्याला दोन नव्हे, तीन गोष्टींचा मेळ घालावयाचा असतो : अभ्यास, खेळ आणि मजुरी. त्याच घरातली मुलगी खेळत असेल, तर चूल आणि धुणीभांडी हे चौथे ओझे असते. शिवाय सराव संपवून अंधारात परतण्याला घरच्यांची संमती मिळवावी लागते ती वेगळीच.

अर्थशास्त्रात ज्याला संधिव्यय म्हणतात, तो येथे स्पष्ट दिसतो. एक गोष्ट करण्यासाठी जी दुसरी गोष्ट सोडावी लागते, ती पहिलीची खरी किंमत. सुखवस्तू घरातील विद्यार्थी मैदानावर एक तास घालवतो, तेव्हा त्याची करमणूक किंवा विश्रांती तेवढी कमी होते. कोळीवाड्यातील मुलगा तोच तास घालवतो, तेव्हा त्याची मजुरी बुडते. तास दोघांचाही साठ मिनिटांचाच. किंमत मात्र सारखी नाही. हे ध्यानात न घेता दोघांना एकच उपदेश करणे म्हणजे विषमतेवर शिस्तीचे पांघरूण घालणे होय.

यावर शासनाने आणि विद्यापीठांनी काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, पदवी परीक्षेतही काही गुणांची सवलत आहे आणि राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. परंतु वाढीव गुण देण्यास सरकारी तिजोरीतून एक पैसाही लागत नाही. आरक्षणाचा लाभ मोठ्या स्पर्धांत नाव मिळवलेल्या मोजक्यांनाच होतो, आणि बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची जी प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली, त्यांनी खऱ्या खेळाडूच्या तोंडचा घासही पळवला. खेळाडूची खरी निकड आहे ती वेळ, अन्न आणि उपचार यांची. सत्र-पद्धतीमुळे वर्षातून दोनदा परीक्षा येते, स्पर्धांचा हंगाम पहिल्या सत्राच्या परीक्षेला येऊन भिडतो आणि ७५ टक्के हजेरीची टांगती तलवार वर्षभर असतेच. चषक कपाटात मांडताना तो महाविद्यालयाचा असतो. तासिका बुडाल्याचा जाब मात्र विद्यार्थ्याने एकट्याने द्यावयाचा असतो.

संस्थेने उचलावयाचा भार व्यक्तीवर टाकण्याची ही रीत जुनी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा उभा करताना त्यांना दारोदार हिंडावे लागले आणि अखेर प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७ हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. ही कथा आपण गुरूच्या औदार्याची म्हणून सांगतो आणि तशी ती आहेच. परंतु शिक्षकाला घर गहाण टाकावे लागते, याचा अर्थ ज्यांचे ते कर्तव्य होते ते जागेवर नव्हते, असाही होतो.

मुंबईत या उणिवेची काही भरपाई एके काळी रोजगाराने केली. गिरण्या, रेल्वे, बँका आणि मोठे कारखाने आपापले संघ ठेवीत व खेळाडूंना नोकऱ्या देत. भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार अजित वाडेकर हे स्टेट बँकेत नोकरीला होते. खेळून पोट भरण्याची सोय होईल, हा भरवसा असल्यामुळेच लालबाग-परळचा कामगार मुलाला मैदानावर धाडीत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि इतर आस्थापनांतील कायम नोकऱ्याही आटत गेल्या. २०१४ पासून प्रो कबड्डीत काही खेळाडूंना चांगला पैसा मिळू लागला हे खरे. पण लिलावात बोली लागते ती थोड्यांवर. उरलेल्यांना पदवीचाच आधार आहे आणि तीच हातची निसटते.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ हा प्रचंड उलाढालीचा धंदा झाला आहे. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दप्रयोगही तेथे १९५० च्या दशकात रूढ करण्यात आला, तो खेळाडूंना कामगार ठरवून नुकसानभरपाई द्यावी लागू नये म्हणून. त्या दशकात खेळताना मृत्यू पावलेल्या एका फुटबॉलपटूच्या विधवेला कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये भरपाई नाकारली. पुढे अनेक दशके खेळाडू झगडले, न्यायालयात गेले आणि २०२५ पासून महाविद्यालयांना त्यांना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. तो बाजार येथे आणावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु विद्यार्थी या गौरवाच्या नावाखाली श्रम आणि दुखापत दडवता येते, एवढा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

खेळाडूंना सवलती दिल्याने शिक्षणाचा दर्जा घसरतो, असा आक्षेप घेतला जातो. वाढीव गुणांपुरता तो रास्त आहे. न आलेल्या उत्तराचे गुण देऊन कोणाचेच हित साधत नाही. परंतु स्पर्धेमुळे हुकलेली परीक्षा महिनाभरात पुन्हा घेतली, तर दर्जा कसा घसरेल? प्रश्नपत्रिका तितकीच कठीण असेल. फक्त तारीख निराळी असेल.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. विद्यापीठाने स्पर्धा व परीक्षांचे वेळापत्रक एकत्र आखावे. हुकलेली परीक्षा आणि बुडालेल्या तासिकांची भरपाई हा लेखी हक्क असावा, कोणाची मेहेरबानी नव्हे. महाविद्यालयाच्या संघातून खेळणाऱ्या प्रत्येकाचा दुखापतीचा विमा संस्थेने उतरवावा. गरीब खेळाडूला मजुरी सोडता येईल एवढी निर्वाह-शिष्यवृत्ती आणि दिवसातून एक सकस जेवण मिळावे. महापालिकेच्या शाळांची पटांगणे सकाळ-संध्याकाळ वस्तीतील मुलामुलींना खुली असावीत आणि तेथे दिवे असावेत.

या मागण्या मोर्च्यापुरत्या नाहीत. प्रभाग समिती, अधिसभा आणि महाविद्यालयाची विकास समिती या ठिकाणी त्या मांडता येतात. कार्यकर्त्यांनी प्रथम आपापल्या विभागात एक साधी पाहणी करावी : गेल्या तीन वर्षांत महाविद्यालयाच्या संघातून खेळलेल्या मुलामुलींपैकी पदवी किती जणांनी घेतली, शिक्षण किती जणांनी सोडले आणि का सोडले. ती नावे व ती कारणे हाती घेऊन प्राचार्यांकडे जावे. ज्यांच्या नावे चषक मिरवले, त्यांचे पुढे काय झाले हे सांगण्याची जबाबदारी महाविद्यालयाला मग टाळता येणार नाही.