वासटेचे देऊळ

इजिप्तची सहल आता मराठी घरांना नवी राहिलेली नाही. लक्सर पाहून आलेला माणूस कर्नाकच्या दालनातले १३४ खांब सांगताना थकत नाही. नाईलच्या पलीकडच्या काठावर, डोंगराच्या कड्याला टेकून, हातशेपसुत राणीचे तीन टप्प्यांचे मंदिर उभे आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ही बाई स्वतः फेरो म्हणून गादीवर बसली होती. ती गेल्यावर काही वर्षांनी, तिचा सावत्र मुलगा तिसरा थुतमोस याच्या राजवटीत, तिची नावे आणि चित्रे छिन्नीने खरवडून काढण्यात आली. खरवडलेल्या त्या जागा आजही भिंतीवर दिसतात.

लक्सरचा खर्च सगळ्यांनाच झेपतो असे नाही. पण एका राणीने बांधलेले आणि तिच्याच नावाला पारखे झालेले एक देऊळ आपल्याकडेही आहे, छत्तीसगडमध्ये, महानदीच्या काठी सिरपूरला. दुर्ग-भिलाईच्या जुळ्या शहरांतल्या बोरसीसारख्या वस्तीतून भल्या सकाळी निघालेले कुटुंब रात्रीच्या जेवणाला घरी पोहोचते. तरीही या भागात वर्षानुवर्षे राहणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांनी सिरपूर पाहिलेले नसते. पाहुणे आले की मैत्रीबाग दाखवायची, डोंगरगडला जायचे, झाले!

सिरपूर म्हणजे जुने श्रीपूर, दक्षिण कोसलची राजधानी. तिथले लक्ष्मण मंदिर विटांचे आहे. खाली दगडी चौथरा, दगडी द्वारशाखा आणि वर विटांचे उंच शिखर. सामान्यपणे ते सातव्या शतकातले मानतात. मंदिरासमोरचा मंडप केव्हाच कोसळला, खांबांचे बुंधे तेवढे उरले. पण शिखर उभे आहे. विटांवरच कोरीव काम केले आहे, खोट्या खिडक्यासुद्धा विटांतच कोरल्या आहेत. दारावर शेषशायी विष्णू आहे आणि बाजूला त्याचे अवतार. मुलांना ते ओळखायला सांगा, अर्धा तास कुठे जातो ते कळत नाही.

आता नावाचे. या देवळाचा रामायणातल्या लक्ष्मणाशी संबंध नाही. गाभाऱ्यात नागफण्याखाली बसलेली एक लहान मूर्ती आहे, तिला लोक लक्ष्मण म्हणू लागले आणि तेच नाव चिकटले. देऊळ बांधले वासटा नावाच्या राणीने. ती मगधाचा राजा सूर्यवर्मा याची मुलगी, हर्षगुप्ताची पत्नी आणि महाशिवगुप्त बालार्जुनाची आई. नवरा गेल्यावर त्याच्या पुण्यासाठी तिने हे विष्णूचे मंदिर उभारले. देवळाच्या ढिगाऱ्यात सापडलेल्या शिलालेखात हे सारे लिहिलेले आहे.

या देवळाला ताजमहालाहून जुनी प्रेमाची निशाणी वगैरे म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ती तुलना फारशी रुचत नाही. शिलालेखात शोकापेक्षा व्यवस्था अधिक आहे. राणीने देवळाला गावे लावून दिली आणि त्यांचे उत्पन्न कशावर खर्च करायचे तेही ठरवून दिले. अन्नछत्र, देवळाच्या सेवकांचा निर्वाह, ब्राह्मणांचा वाटा, आणि मोडतोड झाली तर दुरुस्ती! देऊळ बांधतानाच ते कधीतरी पडेल याचा विचार करणारी बाई घर चालवणाऱ्या कोणत्याही स्त्रीला लगेच ओळखीची वाटेल. आणि हातशेपसुतचे नाव पुसायला निदान छिन्नी लागली. वासटेचे नाव नुसत्या सवयीने मागे पडले.

तिचा मुलगा शिवभक्त होता. त्याच्याच राजवटीत आनंदप्रभू नावाच्या भिक्षूने इथे बौद्ध विहार बांधला. आई वैष्णव, मुलगा शैव, शेजारी विहार, आणि सगळे एकाच गावात. हा विहार मातीखालून बाहेर काढला तो डॉ. मो. गं. दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने, १९५३ ते १९५६ या काळातल्या उत्खननात. सुरंग टिला हे पाच गाभाऱ्यांचे उंच देऊळ त्यानंतर बऱ्याच वर्षांनी उकरले गेले. त्याच्या पायऱ्या लाटेसारख्या वाकड्या झाल्या आहेत. भूकंपाने तसे झाले असे सांगतात. चढताना आजी-आजोबांना खालीच सावलीत बसवावे.

जाण्याचा रस्ता रायपूर, आरंग, मग महानदीचा पूल ओलांडून कुहरीच्या फाट्यावरून डावीकडे. आरंगला भांड देऊळ हे जुने जैन मंदिर वाटेतच आहे, तिथे पंधरा मिनिटे पुरतात. हिवाळा उत्तम. माघी पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. ज्यांना गर्दी नको त्यांनी ते दिवस टाळावेत. पाणी आणि डबा बरोबर असू द्या.

शक्य असेल तर आधी रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात थांबा. वासटेचा तो शिलालेख तिथे ठेवलेला आहे. अक्षरे आपल्याला वाचता येणार नाहीत, पण मुलांना दगड दाखवून राणीचे नाव सांगता येते. मग सिरपूरला पोहोचल्यावर देऊळ कुणाचे, हे तीच तुम्हाला सांगतील.