कित्ता आणि नक्कल

शाळेच्या चित्रप्रदर्शनांत एखादें चित्र पाहून "हें तर कोठून तरी उतरविलेलें दिसतें" असें म्हणून पुढें जाणारे पालक असतात, तसेंच छापील चित्राबरहुकूम रंगविलेलें गुळगुळीत चित्र पाहून "अगदीं हुबेहूब!" अशी शाबासकी देणारेही असतात. आमच्या मतें दोघांचाही निवाडा घाईचा होय. अक्षर सुधारण्यासाठीं कित्ता गिरवावा लागतो, ह्याबद्दल कोणाची तक्रार नसते. मग चित्रकलेंतच कित्त्याचा कमीपणा कां वाटावा? चित्र उतरविलें कीं नाहीं, हा प्रश्नच नव्हे. तें कशावरून व कशासाठीं उतरविलें, हें पाहिलें पाहिजे.

ह्याचें उदाहरण आपल्या दाराशींच आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील मुलांच्या परिचयाचें वालधुनीकांठचें शिवमंदिर शिलाहार राजा मम्वाणि ह्याच्या काळचें असून तेथील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काल दिला आहे. सन १८६८ मध्यें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या मंडळींनीं टेरी ह्यांच्या देखरेखीखालीं येथील कोरीव कामाचे सांचे घेतले. पुढें १८७२ पासून १८८५ पर्यंत त्याच शाळेचे ग्रिफिथ्स ह्यांनीं विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करविल्या. पेस्तनजी बमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकींच एक. पुढें ते व्यक्तिचित्रकार म्हणून नांवारूपास आले. लंडनच्या संग्रहालयास १८८५ सालीं लागलेल्या आगींत त्यांतील पुष्कळ प्रती जळाल्या; परंतु त्या करतांना डोळ्यांत व हातांत मुरलेली विद्या कांहीं जळाली नाहीं.

उतरविल्यानें मुलांची कल्पकता मरते, असा एक आक्षेप आहे. जो विद्यार्थी जन्मभर उतरवीतच बसेल, त्याच्यापुरता तो खरा आहे. परंतु ज्यानें कधींच उतरविलें नाहीं, तो बहुधा आपल्याच संवयींची नक्कल करीत राहतो. मंदिराच्या भिंतीवरील मूर्ति येणारा-जाणारा क्षणभर पाहतो. ती कागदावर घेणाऱ्यास मात्र तासभर पाहावी लागते. कमरेचा बांक कोठें सुरू होतो, शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, हें त्यास तेव्हां कळतें.

ह्यास्तव विद्यार्थ्यांस आमचें तीन गोष्टींचें सांगणें आहे. मोबाइलवरील चित्रावर कागद ठेवून रेघा ओढूं नका. शक्य तेथें मूळ वस्तूसमोर बसा. दुसरें, ज्याचें काम उतरविलें त्याचें नांव चित्राखालीं लिहा. कर्ता अज्ञात असेल तर स्थळ लिहा. दुसऱ्याच्या कृतीखालीं केवळ आपली सही करणें ही चोरीच होय. तिसरें, उतरवून झालें कीं तें झांकून ठेवा व तेंच स्मरणानें पुन्हां काढा. जेथें हात अडेल, तेथेंच तुमचा पुढचा धडा आहे.

पालकांसही एक विनंती. प्रदर्शनांत मोबाइलवरून घेतलेल्या चकचकीत चित्राशेजारीं मंदिरापुढें बसून काढलेलें एखादें ओबडधोबड रेखाचित्र लाजून उभें असतें. कोणत्या चित्रापुढें आपण थांबतां, हें मुलें बारकाईनें पाहत असतात आणि पुढील वर्षीं तसेंच चित्र काढतात. तेव्हां आपण त्या ओबडधोबड चित्रापुढें घटकाभर थांबावें व "हें कोठें बसून काढलेंस?" एवढेंच विचारावें.