गारेच्या पोटात काय असतं?

मुलांनो, आपल्या धाराशिव जिल्ह्यात हिम पडत नाही, पण गारा पडतात. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीविषयी घरातल्या मोठ्यांना विचारा. मराठवाड्यातली ज्वारी, हरभरा, द्राक्षबागा झोडपून निघाल्या होत्या. एवढं नुकसान करणारी गार सुरू होते ती मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या कणापासून!

तुम्ही म्हणाल, पाणी शून्य अंशाला गोठतं, मग कण कशाला हवा? इथंच तर गंमत आहे. ढगातला बारीक थेंब अगदी शुद्ध असेल, तर उणे ३८ अंशांपर्यंत तो पाणीच राहू शकतो. गोठायचं तर पाण्याच्या रेणूंना ओळीनं बसावं लागतं. प्रार्थनेला पहिला मुलगा नीट उभा राहिला की मागची रांग आपोआप लागते ना, तसा हा कण. बहुतेक वेळा तो वाऱ्याबरोबर वर गेलेल्या चिकणमातीचा असतो. कधी परागकण, कधी चक्क पानांवरचे जिवाणू! अंटार्क्टिकाच्या हिमातही असे सजीवांपासून आलेले कण सापडल्याचं ब्रेंट क्रिस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवून दिलं.

आपल्या शेजारी सोलापूरला २०१८ आणि २०१९ साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची विमानं ढगांत शिरली होती. पाऊस वाढतो का हे पाहायला त्यांनी पाणी ओढून घेणारे कॅल्शियम क्लोराइडचे कण ढगांत सोडले.

मग गारपीट थांबवता येईल का? काही देशांत त्यासाठी ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडतात. कण पुष्कळ झाले की पाणी वाटलं जाईल आणि गारा लहान राहतील, असा हिशोब. पण त्याचा पक्का पुरावा अजून मिळालेला नाही. तोवर बागेवर जाळी टाकलेली बरी, जरी ती खर्चाची असली तरी.

गारा वेचून तोंडात टाकणारे वीर आमच्या वर्गात पुष्कळ आहेत. (पालकांनी लक्ष द्यावं!) त्यापेक्षा हे करा. ढग भरून आले की धुतलेली परात अंगणात ठेवून लगेच घरात या. गारा आणि विजा पूर्ण थांबल्यावरच ती आत आणा. एक मोठी गार मोठ्यांकडून मधोमध कापून घ्या. कांद्यासारखे पदर दिसले तर बघा. चटकन गोठलेल्या पदरात हवा अडकते, म्हणून तो दुधी. सावकाश गोठलेला काचेसारखा. बाकीच्या गारा पांढऱ्या बशीत झाकून विरघळू द्या. पाणी आटल्यावर तळाशी उरेल ती धूळ. शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर त्याखाली धरा. मात्र ती सगळी धूळ पोटातली नव्हे, गार खाली येतानाही वाटेतली धूळ गोळा करते. आणि जमिनीवरची गार उचलू नका, नाहीतर अंगणातलीच माती बघत बसाल!