चुकण्याचा हक्क कोणी हिरावला?

मावळाने पुण्या-मुंबईला काय दिले नाही? पवना धरणासाठी जमिनी दिल्या, द्रुतगती मार्गासाठी दिल्या, तळेगावच्या कारखान्यांसाठीही दिल्या. पिंपरी-चिंचवडची तहान पवनेच्या पाण्यावर भागते. तालुक्याच्या वडगावपासून हिंजवडीचे आयटी पार्क तासाभराच्या वाटेवर आहे. त्या काचेच्या इमारतींत नाणे मावळातला, आंदर मावळातला मुलगा प्रोग्रॅम लिहायला शिरणार की फक्त पहारा करायला, हे बऱ्याच अंशी त्याच्या सहावी-सातवीच्या वर्गात ठरते. त्या वर्गात आपण त्याचे काय करतो?

तालुक्यातल्या एका शाळेतली संगणक खोली मी पाहिली आहे. यंत्रांवर प्लास्टिकची आवरणे, दाराला कुलूप, भिंतीवर उद्घाटनाचा फोटो. ‘पोरं हात लावतील आणि बिघडवतील’ हे कुलपाचे कारण. शेजारच्या वर्गात मात्र मुले वहीत संगणकाची व्याख्या उतरवून घेत होती, कीबोर्डचे चित्र काढून त्याला नावे देत होती. ज्या वस्तूला हात लावायला बंदी, तिची व्याख्या पाठ! पोहणे फळ्यावर शिकवावे तसा हा प्रकार आहे, आणि त्याला आपण अभ्यासक्रम पूर्ण झाला असे म्हणतो.

मुले प्रोग्रॅमिंग कशी शिकतात, हे जगाला ठाऊक होऊन अर्धशतक उलटले. सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. मुलाने आज्ञा द्यायची आणि ‘कासव’ नावाच्या खुणेने तशी रेघ ओढायची. रेघ वाकडी गेली तर चूक तिथल्या तिथे डोळ्यांपुढे. संगणकाने मुलाला घोकवायचे नाही, मुलाने संगणकाला शिकवायचे, हा त्यामागचा विचार. त्याच परंपरेतले एमआयटीचे ‘स्क्रॅच’ २००७ पासून फुकट मिळते. रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडले की गेम चालू लागतो. एकदा यंत्रात उतरवून घेतले की इंटरनेटही लागत नाही.

भातावरची पाखरे हाकण्याचा गेम सहावीतल्या मुलीला करायला द्या. पाखराला हात लागला की स्कोर एकाने वाढावा, एवढेच तिला हवे असते. ती ठोकळे जोडते, चालवते, आणि एकाच स्पर्शात स्कोर विसाच्या पुढे पळतो. का? कारण हात पाखरावर आहे तोवर यंत्र पुन्हापुन्हा तपासते आणि दर वेळी एक मिळवते. हे तिला कोणी सांगावे लागत नाही. ती हात हळू नेऊन पाहते, झटकन काढून पाहते, आणि मग स्पर्श होताच पाखराला दुसऱ्या खाचरात उडवून देते. स्कोर नीट चालतो. दुसऱ्या डावाला तो शून्यावर येत नाही, मग तेही ती शोधते. अर्ध्या तासात ती पाच वेळा चुकली आणि एकदाही कोणी तिला ‘ढ’ म्हटले नाही. तर्क म्हणतात तो हाच, आणि तो घोकून येत नाही.

आपल्या घरांत आणि शाळांत चुकीला छडी आहे, टोमणा आहे, लाल शाईची फुली आहे. उत्तरपत्रिका हाती येते तेव्हा आपण तसे का लिहिले हे मुलाला आठवतही नसते. गेम म्हटला की बाप खवळतो, आणि मुलगी असेल तर घरातला एकुलता मोबाइल भावाच्याच हातात राहतो. शहरातला पालक मात्र हजारो रुपये भरून आपल्या मुलाला हाच खेळ शिकवतो, आणि तिथे कोणी त्याला खेळ म्हणत नाही.

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते. सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. आज पाटी बदलली, अन्याय तोच राहिला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आणायचे लिहिले आहे. पण कुलूप कागदाने उघडत नाही. एकट्या गुरुजींना दोष देऊनही भागणार नाही. यंत्र बिघडले तर जाब त्यांनाच द्यावा लागतो, मुले अडाणी राहिली तर कोणी विचारत नाही. ही व्यवस्था आपण सर्वांनी मिळून उभी केली आहे. मंदिराच्या कळसाला वर्गणी देणारे आपण, शाळेतल्या बंद पडलेल्या यंत्राच्या दुरुस्तीला मात्र सरकारकडे बोट दाखवतो.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असेही सांगितले आहे. मावळातल्या आयाबायांनो, पुढच्या बैठकीला नुसती सही करून परतू नका. संगणक खोली आठवड्यातून किती तास उघडते, आपली मुलगी स्वतः यंत्रापुढे किती वेळ बसते, आणि यंत्र बिघडले तर खर्च कोण करणार, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.