अस्सलपणाचा भाव

१० जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे सदबीज या लिलावगृहात काळ्या चामड्याची एक जुनी हँडबॅग विक्रीस मांडण्यात आली. बॅग कित्येक वर्षे रोजच्या वापरात राहिलेली होती. तिच्यावर ओरखडे होते, चिकटवलेल्या कागदांच्या खुणा होत्या, पट्ट्याला एक साधे नेलकटर लटकत होते. बोली १० लाख युरोपासून सुरू झाली आणि दहाएक मिनिटांच्या चढाओढीनंतर शुल्कासह सुमारे ८६ लाख युरोवर थांबली. व्यवहाराचा नेहमीचा नियम असा की, वस्तू वापरली म्हणजे तिचा भाव उतरतो. मोटार दुकानाबाहेर पडताच स्वस्त होते, भांडी मोडीत जातात, कपडे बोहारणीच्या गाठोड्यात जातात. येथे मात्र डाग आणि ओरखडे हेच किमतीचे कारण ठरले. ती बॅग जेन बर्किन या अभिनेत्री-गायिकेसाठी एर्मेस या फ्रेंच घराण्याने बनविलेली पहिली ‘बर्किन’ होती, आणि त्या खुणा तिच्याच वापराच्या होत्या याविषयी कोणालाही शंका नव्हती.

ग्राहकाने ८६ लाख युरो चामड्याला दिले नाहीत, शिवणीलाही दिले नाहीत. ते निःशंकतेला दिले. निःशंकता ही जर विकाऊ वस्तू असेल, तर ती कोण विकतो, आणि ती खोटी निघाली तर जबाबदार कोण, हे प्रश्न ओघानेच येतात. श्रीमंतांच्या या हौशीमागे दडलेले हे प्रश्न तितकेसे श्रीमंतांपुरते नाहीत.

खोगिरापासून हँडबॅगेपर्यंत

एर्मेस घराण्याचा आरंभ १८३७ साली घोड्यांचा साज बनविणारा कारखाना म्हणून झाला. मोटारी आल्या, घोडे गेले. पण खोगीर शिवण्याची विद्या राहिली आणि ती हँडबॅगांच्या कामी आली. या घराण्याच्या एका बॅगेला १९५६ साली ग्रेस केलीच्या हातात दिसल्यामुळे प्रसिद्धी मिळाली आणि १९७७ मध्ये तिचे अधिकृत नावच ‘केली’ झाले. ‘बर्किन’ची कथा १९८४ ची. पॅरिसहून लंडनला जाणाऱ्या विमानात जेन बर्किन आणि घराण्याचे प्रमुख झां-लुई द्युमा शेजारी बसले होते. तरुण आईच्या उपयोगाची ऐसपैस बॅग मिळत नाही, अशी तिने तक्रार केली आणि त्यातून या बॅगेचा आराखडा जन्मला, असे सांगितले जाते. १९९४ मध्ये तिने आपली बॅग एड्सविरोधी कार्याच्या मदतीसाठी लिलावात दिली. २०२३ मध्ये तिचे निधन झाले.

आज नव्या बर्किनची किंमत दहा हजार डॉलरहून अधिक आहे. परंतु पैसे मोजून ती हवी तेव्हा मिळते असे नाही. दुकान कोणाला आणि केव्हा बॅग द्यायची हे आपल्या मर्जीने ठरविते. दुर्मिळता अशी हेतुपुरस्सर राखली गेली की, वापरलेल्या वस्तूचा बाजार नव्या वस्तूच्या बाजारावर कुरघोडी करतो. हिमालयाच्या रंगछटांचे नाव लाभलेली मगरीच्या कातड्याची एक बर्किन २०१७ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २९ लाख ४० हजार हाँगकाँग डॉलरना गेली. थोरस्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दाखवून दिले होते की, काही वस्तू महाग असूनही नव्हे, तर महाग आहेत म्हणूनच हव्याशा वाटतात. त्या तत्त्वाचे याहून चोख उदाहरण सापडणे कठीण. आणि जेथे भाव व निर्मितीखर्च यांत एवढी दरी असते, तेथे नक्कल करणारा येणार हे सांगावयास नकोच.

खोटे नाणे खऱ्याला हाकलते

नक्कल आली की बाजाराचे काय होते, याचे विवेचन जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणाने केले. त्या विचाराच्या पायावर उभ्या राहिलेल्या शास्त्राला २००१ चा नोबेल पुरस्कार मिळाला. तो अ‍ॅकरलॉफ, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांना विभागून देण्यात आला. मूळ विचार साधा आहे. समजा, अस्सल जुनी बॅग दहा लाख रुपयांची आहे आणि नकली बॅग फार तर एक लाखाची. बाजारात निम्म्या बॅगा नकली आहेत आणि ग्राहकाला त्या ओळखता येत नाहीत. मग शहाणा ग्राहक साडेपाच लाखांच्या वर जाणार नाही. त्या भावात अस्सल बॅगेचा मालक ती कशाला विकेल? तो बाजारातून निघून जाईल. नकलीचे प्रमाण वाढेल, भाव आणखी घसरेल, उरलेसुरले प्रामाणिक विक्रेतेही पाठ फिरवतील. फसवणुकीची हानी फसलेल्या ग्राहकापुरती राहत नाही, तिची सर्वात मोठी किंमत प्रामाणिक विक्रेता मोजतो.

हा बाजार कोसळू नये म्हणूनच पारख्याचा व्यवसाय उदयास आला. त्याची विद्या खरोखर अभ्यासण्याजोगी आहे. एर्मेसची शिवण एकाच मेणलावल्या तागाच्या दोऱ्याने, दोन्ही टोकांना दोन सुया घेऊन, हाताने घातली जाते. प्रत्येक टाका किंचित तिरपा पडतो. यंत्राची शिवण सरळ आणि एकसारखी असते. म्हणजे येथे काटेकोर सारखेपणा हाच संशयास्पद, आणि हाताचा सूक्ष्म अनियमितपणा हाच खरेपणाचा पुरावा! बॅगेच्या चामड्यावर निर्मितीवर्षाचे एक अक्षर दाबलेले असते. १९७१ ते १९९६ या काळात ते वर्तुळात होते, १९९७ ते २०१४ या काळात चौकटीत, आणि २०१५ पासून ते मोकळे आहे. त्या वर्षी प्रचारात नसलेले कातडे किंवा रंग त्या अक्षराच्या बॅगेवर आढळला, की पारखी थबकतो. धातूच्या कड्यांवरील कोरीव अक्षरे, कडांची घोटाई, ठशाची खोली, चामड्याचा वास, बॅग उभी केल्यावर तिचा तोल या सर्वांची साक्ष तो घेतो. सर्वांत गमतीची गोष्ट ही की, हे घराणे आपल्या बॅगेबरोबर अस्सलपणाचे कार्ड देतच नाही. तेव्हा बॅगेसोबत तसे देखणे कार्ड मिळाले, तर ग्राहकाने सावध व्हावे. खऱ्याला प्रमाणपत्राची गरज वाटली नाही. खोट्याला ती वाटली.

सोन्याची कसोटी आणि बॅगेची

महाराष्ट्रातील वाचकाला पारख हा शब्द ऐकताच सोनार आठवेल. कसोटीच्या काळ्या दगडावर उमटलेली रेघ आणि तिच्यावर टाकलेले तेजाब यांवरून तो सोन्याचा कस सांगतो. परंतु या दोन परीक्षांत मूलभूत भेद आहे. सोनार वस्तूचे द्रव्य तपासतो; बांगडी कोणी घडविली याच्याशी त्याला कर्तव्य नसते. हँडबॅगेचा पारखी द्रव्य तपासतो ते केवळ उगमाचा माग काढण्यासाठी. नकली बॅगेचे चामडे उत्तम असू शकते, शिवणही हाताची असू शकते. तरी ती नकलीच, कारण ती त्या घराण्यातून आलेली नाही. सोन्याचा खरेपणा सोन्यात असतो. बॅगेचा खरेपणा तिच्या इतिहासात असतो, आणि इतिहास कसोटीच्या दगडावर घासता येत नाही.

हा भेद किती टोकाला जाऊ शकतो, हे २०२० मध्ये पॅरिसच्या न्यायालयात दिसले. नकली बर्किन बनविणाऱ्या एका टोळीवर तेथे खटला चालला. आरोपींमध्ये खुद्द एर्मेसचे माजी कामगार होते. ज्या हातांनी अस्सल बॅगा शिवल्या, त्याच हातांवर नकली शिवल्याचा आरोप आला. मग या दोहोंत फरक तो काय? कौशल्याचा नव्हे, अधिकाराचा. आणि अधिकार डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पारख्याच्या विद्येचीही एक सीमा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

न्यायाधीश कोणी व्हावे?

यावर सरळ उपाय असा सुचविला जाईल की, ज्याची वस्तू त्यानेच ती खरी की खोटी हे सांगावे. पण नेमके तेच होत नाही. एर्मेस आपली बॅग दुरुस्तीला घेते. परंतु बाजारात विकावयाच्या बॅगेला अस्सलपणाचा दाखला देण्याची सेवा ते ठेवीत नाही. शानेल या दुसऱ्या फ्रेंच घराण्याने तर न्यायालयात अशी भूमिका घेतली आहे की, आपली वस्तू अस्सल आहे किंवा नाही हे फक्त आपणच सांगू शकतो. ते सांगण्याची सेवा मात्र तेही इतरांना देत नाही. २०२१ पासून शानेल आणि लुई व्हितों यांनी बॅगांमध्ये सूक्ष्म चिप बसविण्यास आरंभ केला. ती वाचण्याची किल्लीही घराण्यांच्याच हाती आहे.

यामागील हितसंबंध उघड आहे. जुनी वस्तू निर्धास्तपणे विकली जाऊ लागली, तर नव्या वस्तूला स्पर्धक निर्माण होतो. बाजारात थोडी शंका रेंगाळत राहिली, तर ग्राहक अखेरीस घराण्याच्याच दुकानाची पायरी चढतो. तेव्हा घराणे हा निष्पक्ष न्यायाधीश नव्हे. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात पंचांनी जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याला शानेलच्या व्यापारचिन्हाचा भंग केल्याबद्दल दोषी धरले आणि ४० लाख डॉलरची भरपाई ठरविली. त्या प्रकरणातील काही बॅगांवर घराण्याच्या एका कारखान्यातून चोरीस गेलेल्या मालिकेतील अनुक्रमांक असल्याचा पुरावा पुढे आला. खुणेची चिठ्ठी खरी, बॅग खोटी, आणि वर ‘शंभर टक्के अस्सल’ची जाहिरात! विक्रेत्याने नेमलेला पारखीही निष्पक्ष नसतो, कारण बॅग खोटी ठरली तर धन्याची विक्री बुडते. यंत्राने सूक्ष्म छायाचित्रे घेऊन निर्णय देण्याच्या पद्धतीही आता आल्या आहेत. त्या उपयुक्त आहेत. परंतु यंत्र कोणाच्या मालकीचे, आणि ते चुकले तर भरपाई कोणाची, हे प्रश्न यंत्राने सुटत नाहीत.

दाखला देणाऱ्याने दायित्व घ्यावे

येथे कोणी म्हणेल की, लक्षाधीशांच्या बॅगा खऱ्या असोत की खोट्या, त्याचे कारकुनाला आणि शिक्षकाला काय? आक्षेप वरवर रास्त आहे. हँडबॅगेवाचून कोणाचे अडत नाही. पण ज्या बाजारात ग्राहकाला वस्तूचा खरेपणा स्वतः ओळखता येत नाही, तो प्रत्येक बाजार याच जातीचा असतो. बियाणांची पिशवी, औषधाची बाटली, पदवीचे प्रमाणपत्र, पैठणीचा जर, आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेले मंगळसूत्र: या सर्व ठिकाणी ग्राहक दुसऱ्याच्या शब्दावर पैसे मोजतो. श्रीमंत ग्राहक फसला तर त्याचा वकील असतो. शेतकरी फसला तर त्याचा हंगाम जातो.

भारताने सोन्याच्या बाबतीत या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणूनच विचारात घेण्याजोगे आहे. २००० साली ऐच्छिक म्हणून सुरू झालेले हॉलमार्किंग जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्यात आले आणि दागिन्यावर सहा अंकाक्षरांचा स्वतंत्र ओळखक्रमांक आला. हा क्रमांक कोणीही सामान्य ग्राहक सरकारी मानक संस्थेच्या मोबाइल अ‍ॅपवर पडताळून पाहू शकतो. खरेपणाची किल्ली सोनाराच्या तिजोरीत न राहता ग्राहकाच्या हाती आली, हे यातील मर्म. जपानने जुन्या वस्तूंच्या व्यापाराला वेगळ्या अंगाने शिस्त लावली. तेथे या धंद्याला परवाना लागतो आणि माल आणून देणाऱ्याची ओळख तपासून तिची नोंद ठेवावी लागते. वस्तूचा इतिहास हाच जर तिचा खरेपणा असेल, तर इतिहासाची नोंदवही ठेवण्याची ही रीत अधिक शास्त्रशुद्ध म्हटली पाहिजे.

एर्मेसचे दुकान २०११ पासून मुंबईत हॉर्निमन सर्कलला आहे, आणि वापरलेल्या परदेशी बॅगांची विक्रीही आता आपल्या महानगरांत होते. तेव्हा काही तत्त्वे वेळीच निश्चित झालेली बरी. जो अस्सलपणाचा दाखला देतो, त्याने तो खोटा ठरल्यास संपूर्ण किंमत परत करण्याचे दायित्व लेखी स्वीकारावे. पारख्याचे वेतन विक्री झाली की नाही यावर अवलंबून नसावे. विक्रेत्याने माल कोणाकडून आला याची नोंद ठेवावी. आणि जे घराणे आपल्या चिन्हाच्या रक्षणासाठी न्यायालयात जाते, त्याने वाजवी शुल्क घेऊन ते चिन्ह खरे की खोटे हे सांगण्याची जबाबदारीही पत्करावी. चिन्हाचा लाभ घ्यावयाचा आणि त्याविषयीची शंका ग्राहकाच्या माथी मारावयाची, हे न्यायाचे नाही.

पॅरिसच्या त्या लिलावात जुन्या बॅगेला मिळालेला भाव डोळे दिपविणारा होता यात शंका नाही. परंतु निःशंकता बाळगून खरेदी करण्याचे सुख ८६ लाख युरो मोजणाऱ्यालाच मिळावे, आणि दोन ग्रॅम सोने किंवा एक पिशवी बियाणे घेणाऱ्याने मात्र देवावर हवाला ठेवावा, अशी व्यवस्था कोणत्याही सुसंस्कृत बाजारपेठेला शोभणारी नाही. विश्वास ही चैनीची वस्तू होता कामा नये.